डायल-अप लागत नाहीये? आधी मोडेमचा आवाज नीट ऐका

अमेरिकेतल्या एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप, म्हणजे मोडेम नावाच्या पेटीने साध्या फोनलाइनवर नंबर फिरवून जोडायची, इंटरनेट सेवा बंद केली. बातमी वाचून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "अरे, हे अजून चालू होतं?" होतं की. तिथल्या जनगणना विभागाच्या २०२३ च्या पाहणीत निव्वळ डायल-अपवर असलेली सुमारे १ लाख ६३ हजार घरं सापडली होती.

आपल्याकडे नाशिकला ही बातमी आणि दिवाळीची आवराआवर एकाच सुमारास आली. इंदिरानगर असो, सिडको असो की पंचवटीतला एखादा वाडा, माळ्यावरून पिवळट पडलेला सीपीयू खाली उतरला की घरातली मुलं विचारणारच, तो किर्रर्र आवाज खरंच यायचा का? मग एखादे काका बाह्या सरसावतात. विंडोज ९८ चालू होतं, फोनची वायर लागते, नंबर फिरतो आणि पुढे काही घडत नाही. तासाभराच्या खटपटीनंतर निकाल लागतो : मोडेम उडाला.

मोडेम उडालेला असतोच असं नाही. डायल-अपची एक गंमत आहे. त्यातल्या प्रत्येक टप्प्याला स्वतःचा आवाज आहे आणि टप्प्यांचा क्रम ठरलेला आहे. आवाज कुठे थांबला हे कळलं की बिघाड कुठे आहे हेही बहुतेक वेळा कळतं. आजच्या वाय-फायला ही सोय नाही. तिथे चाक गरगरत राहतं आणि आपण राउटर बंद-चालू करत बसतो.

तारेतून जातं तरी काय

साधी फोनलाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज ती नेते, त्याच्या वरचं आणि खालचं गाळून टाकते. संगणकाला मात्र शून्य आणि एक पाठवायचे असतात. त्या शून्य-एकांचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणारी आणि समोरून आलेल्या आवाजातून पुन्हा शून्य-एक काढणारी पेटी म्हणजे मोडेम. म्हणजे तो किर्रर्र आवाज हा काही बिघाडाचा आवाज नव्हे, तीच माहिती आहे.

वेगाची मर्यादाही इथूनच येते. टेलिफोन एक्स्चेंज आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहून ठेवतं. ८ गुणिले ८०००, झाले ६४ हजार बिट. एका फोनलाइनीत याहून जास्त मावतच नाही. १९९८ मधल्या व्ही.९० या मानकाचे मोडेम ५६ हजारांचा आकडा मिरवायचे, पण तो फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीसाठी. आपल्याकडून जाणाऱ्या माहितीला कमाल ३३,६०० बिट. आणि तारेच्या कृपेने प्रत्यक्षात हाती लागायचे चाळीस-पंचेचाळीस हजार.

बरं, लाइन खराब असली की मोडेम काय करतो? गोदावरीला पूर आलेला असताना अलीकडच्या घाटावरून पलीकडच्या माणसाशी बोलायचं झालं तर आपण एकेक शब्द तोडून, सावकाश बोलतो आणि "ऐकू आलं का?" असं विचारत राहतो. मोडेमही तेच करतो. सुरुवातीच्या किर्रर्रमध्ये दोन्ही बाजू लाइन तपासून घेतात आणि निभेल असा वेग ठरवतात. पुढे खरखर वाढली तर वेग आणखी उतरवतात, आणि तरीही जमलं नाही तर फोन ठेवून देतात.

कोणता आवाज कशाचा

मोडेमने लाइन उचलली की एक 'टक' होतं. मग डायल टोन. मग नंबर फिरवल्याचे सूर. समोर रिंग जाते, पलीकडचा मोडेम उचलतो आणि एक उंच, सलग शिट्टी ऐकू येते. ती २१०० हर्ट्झची. तिच्यात मधूनमधून बारीकसा हिसका जाणवतो, कारण लाइनीवरची प्रतिध्वनी रोखणारी यंत्रं तिने बंद करायची असतात. मग दोघांची किर्रकिर्र, मग पाण्याच्या फवाऱ्यासारखा हिस्स आवाज आणि एकदम शांतता.

या शांततेने पुष्कळ जण फसतात. आवाज थांबला म्हणजे जोडणी झाली, असं नाही. वेग ठरला, म्हणून मोडेमने स्वतःचा स्पीकर बंद केला, एवढाच त्याचा अर्थ. नाव, पासवर्ड, संगणकाला पत्ता मिळणं, हे सगळं यानंतर मुकाट्याने होतं.

तेव्हा पहिलं काम, मोडेमचा स्पीकर चालू करा. कंट्रोल पॅनलमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये आवाजाची पट्टी असते. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून वीस वर्षांपूर्वी कुणी तरी ती डावीकडे ओढून ठेवलेली असते.

'टक' होतं, पुढे काहीच नाही

पडद्यावर ६८० क्रमांकाची चूक दिसते : डायल टोन नाही. इथे संगणकाला हात लावू नका. मोडेममधून वायर काढा, तीच वायर साध्या फोनला लावा आणि कानाला धरा. टोन नाही? मग दोष वायरीत, भिंतीवरच्या डबीत किंवा बाहेर.

भिंतीवरच्या डबीला लाइनमन मंडळी रोझेट म्हणतात. तिचं झाकण काढून पाहाच. नाशिकच्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि त्या भिंतीवरच्या रोझेटमधल्या तांब्याच्या तारेवर हिरवट पूड धरलेली असते. स्क्रू सैल करायचा, तारेचं टोक खरवडून चकचकीत करायचं, पुन्हा आवळायचं. लाइन चालू असताना तारेत साधारण ४८ व्होल्ट असतात, त्याचं काही वाटत नाही. पण नेमक्या त्याच क्षणी कुणाचा फोन आला तर रिंगचा व्होल्टेज बराच जास्त असतो आणि बोटांना चांगलाच झटका बसतो. पेचकस लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा घ्या.

फोनवर टोन येतो, मोडेमवर नाही, असं असेल तर मोडेमची मागची बाजू बघा. तिथे सारखी दिसणारी दोन भोकं असतात, एकावर 'लाइन' आणि दुसऱ्यावर 'फोन'. भिंतीकडून आलेली वायर 'लाइन'मध्येच हवी. पुष्कळदा गाडं इथेच अडलेलं असतं. वायरीच्या टोकाची ती पारदर्शक पिनही निरखा. तिची चिमुकली जीभ तुटलेली असली की पिन आत बसल्यासारखी वाटते आणि हळूच बाहेर सरकते.

टोन आहे, वायर बरोबर आहे, तरी ६८०? आता मात्र मोडेमच्या समजुतीचा घोटाळा. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होणारा. मोडेमच्या सेटिंगमध्ये देश म्हणून अमेरिका राहिला असेल तर आपला टोन त्याला ओळखूच येत नाही. देश बदला. बदलता येत नसेल तर 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग' या चौकटीतली खूण काढून टाका, म्हणजे तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटरकॉमवरून बाहेरची लाइन घेताना हीच युक्ती लागायची. नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम टाकायचा. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा.

नंबर फिरतो, पण पलीकडून उत्तर नाही

ही ६७८ ची चूक. लाइन व्यग्र असेल तर ६७६. दोन्हींत आधी तोच नंबर साध्या फोनवरून लावा. पलीकडून शिट्टी ऐकू आली तर सेवा जिवंत आहे. "हा नंबर अस्तित्वात नाही" अशी बाई बोलली, तर तुमच्या संगणकाचा काही दोष नाही. दुसरा नंबर शोधण्याखेरीज इलाज नाही. जुन्या कनेक्शनच्या चौकटीत अजून बीएसएनएलच्या संचारनेट या जुन्या डायल-अप सेवेचा १७२२२२ हा नंबर दिसला, तर तो कुठे लागतो हे फोनवर ऐकल्याशिवाय मोडेमला वेठीस धरू नका.

फोनवरून लागतो पण मोडेमवरून नाही, तेव्हा विंडोज तुमच्या नकळत नंबरापुढे काही तरी जोडत असतं. कनेक्शनमध्ये एरिया कोड भरलेला असला की ते ०२५३, क्वचित देशाचा ९१ सुद्धा, आधी फिरवतं. स्थानिक नंबराला एसटीडी कोड लावल्यावर जे व्हायचं ते होतं. 'यूज एरिया कोड अँड डायलिंग प्रॉपर्टीज' ही खूण काढली की प्रश्न मिटतो. फार जुन्या लाइनीवर सूरांऐवजी टकटक करत नंबर फिरवावा लागतो, त्यासाठी टोनऐवजी पल्स निवडा.

शिट्टी येते, किर्र होतं, पण टिकत नाही

खरा वैताग इथे. आणि इथे दोषी जवळजवळ नेहमी तार असते. तारेची परीक्षा घेण्याची एक साधी युक्ती आहे. फोन उचला, कुठलाही एकच आकडा दाबा. डायल टोन थांबतो आणि लाइन काही सेकंद गप्प होते. त्या गप्पपणात काय ऐकू येतं ते बघा. सलग घूंऽऽ असेल तर वायर कुठे तरी विजेच्या वायरीला किंवा ट्यूबलाइटच्या चोकला चिकटून गेली आहे. कुडकुड किंवा तडतड असेल तर जोड सैल आहे किंवा ओलावा आहे. पुसट गप्पा ऐकू आल्या तर बाहेरच्या केबलमध्ये शेजारची जोडी घासते आहे.

खांबावरच्या डीपी बॉक्सचं, म्हणजे फोनच्या तारांचे जोड असलेल्या पेटीचं, झाकण गायब असलं की जूनमध्ये खरखर सुरू होते आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की आपोआप बरी होते. त्यामुळे तक्रार करायची तर भर पावसात करा. लाइनमन येईल त्या दिवशी कडक ऊन असेल तर तो कानाला लावून "लाइन ओके आहे" म्हणणार, आणि खोटंही नसणार ते. सिंहस्थाच्या आधी रस्ते खोदले जातात तेव्हा केबलला घातलेले जोडही असेच. वरून टेप, आत पाणी.

घरातल्या घरातही पाहण्यासारखं आहे. एकाच लाइनवर आतल्या खोलीत दुसरा फोन असेल तर तो काढून बघा. तो कुणी उचलला की जोडणी तुटते हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसता लावलेला, आतून खराब झालेला फोनही लाइन ओढून धरतो. कॉल वेटिंगची 'पी' मोडेमच्या गप्पांत घुसते, ती सोय बंद ठेवा. हे सगळं करूनही टिकत नसेल तर मोडेमला मुद्दाम हळू बोलायला लावा. व्ही.९० बंद करून व्ही.३४ वर, म्हणजे ३३,६०० च्या आत ठेवा. वेग घटतो, पण दर दहा मिनिटांनी पुन्हा डायल करण्यापेक्षा ते परवडतं. पूर्वी तर तुटलेला प्रत्येक कॉल बिलात चढायचा.

एक खुलासा. जोडणी झाल्यावर विंडोज कधी कधी "१,१५,२०० बिट" असा वेग दाखवतं. खूश होऊ नका. तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग आहे, फोनलाइनीचा त्याच्याशी संबंध नाही.

'टक'सुद्धा होत नाही

मग मात्र मोडेम. कंट्रोल पॅनलमध्ये मोडेम्स, तिथे डायग्नॉस्टिक्स, आणि 'मोअर इन्फो'. विंडोज मोडेमला 'एटी' अशी दोन अक्षरं पाठवून प्रश्न विचारतं आणि धडधाकट मोडेम 'ओके' म्हणतो. ही भाषा हेज कंपनीच्या १९८१ मधल्या स्मार्टमोडेमपासून चालत आली आहे. उत्तर आलं नाही तर बाहेरच्या मोडेमचा अडॅप्टर आणि सिरियल केबल तपासा. आतल्या कार्डाच्या मोडेमांत बरेचसे असे की त्यांचं अर्धं काम संगणकाचा प्रोसेसरच करतो. त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो, दुसरा चालत नाही, आणि ती सीडी नेमकी हरवलेली असते. कार्डावरच्या मोठ्या चिपवरचा क्रमांक लिहून घेऊन ड्रायव्हर शोधायचा.

मोडेम खरोखर मरतो तो विजेने. मृगाच्या गडगडाटात फोनची वायर लावून ठेवली की फोनलाइनवरून आलेला झटका थेट कार्डात शिरतो. संगणक वाचतो, मोडेम जातो. कार्डावर फोनच्या भोकाजवळ काळा डाग किंवा फुटलेला भाग दिसला तर पुढची मेहनत घेऊ नका.

पासवर्ड आणि पुढचं

शांतता झाली, 'व्हेरिफाइंग' दिसलं आणि ६९१ आला, तर नाव किंवा पासवर्ड चुकला किंवा खातं बंद आहे. कॅप्स लॉक बघा. ७२० आला तर संगणकात टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर बोलायची भाषा, बसवलेलं नाही किंवा बिघडलं आहे. काढून पुन्हा टाका, विंडोजची सीडी जवळ ठेवा.

सगळं झालं, पान का उघडत नाही?

कारण वेब बदललं. बहुतेक संकेतस्थळं आता कुलूपबंद जोडणीनेच बोलतात आणि त्या कुलपाच्या जुन्या पद्धती मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या आसपास मोडीत काढल्या. विंडोज ९८ वरचा ब्राउझर नवी पद्धत जाणतच नाही. त्यात मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो, त्यामुळे तारीख मागे गेलेली असते आणि संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं तारखेवरून तपासली जातात. सीआर २०३२ हा सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो, तो आधी बदला.

"नवा ब्राउझर टाकला तर?" आजचे ब्राउझर विंडोज ९८ वर बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती ११ जुलै २००६ लाच थांबवली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला. म्हणून या संगणकावर बँकेचं किंवा मेलचं खातं उघडायच्या फंदात पडू नका. आणि समजा उघडलंच पान, तर हिशेब करून बघा. ४५ हजार बिट म्हणजे सेकंदाला साडेपाच किलोबाइटच्या आसपास. आज ३ एमबीचं पान काही विशेष नाही. त्याला नऊ मिनिटं लागतील.

"आमच्याकडे फायबरवर लँडलाइन आहे, तिलाच लावू का?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर आहे : लावून बघा, पण आशा ठेवू नका. फायबरच्या डब्याला मागे फोनचं भोक असतं, टोनही येतो, रिंगही जाते. पण आत तांब्याची लाइन नाही. तुमचा आवाज तुकडे करून, पाकिटांत भरून इंटरनेटवरूनच पाठवला जातो. माणसाच्या कानाला चालेल इतपतच तो जपतात. काही ठिकाणी ६४ हजार बिटांचा आवाज ८ हजारांत दाबून बसवतात. बोलणं कळतं, मोडेमची किर्रकिर्र मात्र ओळखू येण्यापलीकडे जाते. आवाज न दाबणारी सेवा असली तरी एखादं पाकीट उशिरा आलं की तेवढा क्षण गायब होतो. आपण "हॅलो, काय म्हणालास?" म्हणतो, मोडेम फोन ठेवतो.

हीच अडचण फॅक्सला येते. सराफ बाजारातल्या दुकानांत कार्ड घासायची जी जुनी मशिनं फोनलाइनवर चालायची, तीही असाच नंबर फिरवून, अशीच किर्र करून बँकेशी बोलायची. तांब्याची लाइन काढून फायबर घेतलं आणि फॅक्स अर्ध्यातच तुटायला लागला, अशी तक्रार कुणी केली तर फॅक्स मशीन बदलण्याआधी त्याचा वेग ९६०० वर आणून बघा. पुष्कळदा निभतं.

"मग जुना संगणक इंटरनेटला जोडायचा कसा?"

हौस आवाज ऐकण्याची असेल तर तांब्याची लाइन आणि चालू नंबर, दोन्ही लागतील. काम फक्त जोडण्याचं असेल तर मोडेम विसरा. मदरबोर्डवरच्या पीसीआय खाचेत बसणारं जुनं नेटवर्क कार्ड घाला आणि साध्या लॅन केबलने राउटरला जोडा. विंडोज ९८ राउटरकडून पत्ता बिनबोभाट घेतं.

आणि मूळ काम त्यातले फोटो किंवा जुन्या हिशेबाच्या फाइली काढण्याचं असेल, जे बहुतेकांचं असतंच, तर इंटरनेट लागतच नाही. हार्ड डिस्क बाहेर काढा. आयडीई, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीची, डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो, ज्याला विजेची वेगळी वायर असते असाच घ्या, कारण डेस्कटॉपच्या डिस्कला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही. डिस्कच्या मागे, पिनांच्या शेजारी एक चिमुकला जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसणारी टोपी, असतो. तो 'मास्टर'वर ठेवा. 'स्लेव्ह'वर राहिला तर डिस्क फिरल्याचा आवाज येईल, पण लॅपटॉपवर ती दिसणार नाही.